नाद सर्वांचा, नाव एकाचे

जून २०२४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल जिल्हा न्यायालयात एक दावा दाखल झाला. वादी होते बिल फिनेगन. 'क्लॉन' या नावाने इलेक्ट्रिक गिटारची इफेक्ट पेडल बनविणारे ते छोटे उद्योजक. प्रतिवादी होती 'बेहरिंगर' या ब्रँडची मालक असलेली 'म्युझिक ट्राइब' ही बहुराष्ट्रीय कंपनी. बेहरिंगरने 'सेंटॉर ओव्हरड्राइव्ह' या नावाचे सोनेरी पेडल अवघ्या ६९ डॉलरना बाजारात आणले होते. फिनेगन यांनी पूर्वी स्वतः बनविलेल्या 'क्लॉन सेंटॉर' या पेडलला जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याच सुमारास हजारो डॉलर मोजले जात होते.

वरकरणी हा मूठभर गिटारवादकांच्या कुतूहलाचा विषय. मात्र या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न मोठा आहे. हाताने, मोजक्या संख्येने आणि असामान्य गुणवत्तेने वस्तू बनविणाऱ्या कारागिराच्या मालकीचे नेमके काय असते? त्याची युक्ती, त्याने घडविलेला आवाज, की केवळ त्याचे नाव? फिनेगन यांच्या तीस वर्षांच्या वाटचालीत या प्रश्नाचे उत्तर सापडते आणि ते कारागिराला फारसे सुखावणारे नाही.

दोषातून जन्मलेला आवाज

इफेक्ट पेडल म्हणजे वादकाच्या पायाशी ठेवलेली धातूची छोटी डबी. गिटारमधून निघालेला विद्युत संकेत अँप्लिफायरपर्यंत पोहोचण्यापूर्वी या डबीतून जातो आणि तिथे त्याचे रूप पालटते. वादकाने पायाने कळ दाबली की हा बदल सुरू होतो, पुन्हा दाबली की थांबतो.

या उद्योगाचा प्रारंभच मुळी एका बिघाडातून झाला. नॅशव्हिल येथील एका ध्वनिमुद्रणात यंत्रातील दोषामुळे गिटारचा आवाज फाटला. तो फाटलेला आवाज ऐकणाऱ्यांना भावला. त्याची मुद्दाम निर्मिती करणारे 'मेस्ट्रो फझ-टोन' हे पेडल १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने विक्रीस आणले. सुरुवातीला त्याला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. १९६५ मध्ये 'रोलिंग स्टोन्स'च्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात कीथ रिचर्ड्स यांनी ते वापरले आणि चित्र पालटले. पुढे न्यूयॉर्कच्या 'इलेक्ट्रो-हार्मोनिक्स'ने, जपानच्या 'बॉस' आणि 'आयबानेझ'ने ही पेडल मोठ्या प्रमाणावर बनविली. आयबानेझचे 'ट्यूब स्क्रीमर' तर या क्षेत्रातील मापदंडच ठरले.

या सर्व उपकरणांचे विद्युतमंडल साधे असते. दोन-तीन एकात्मिक चकत्या किंवा ट्रान्झिस्टर, काही डायोड, रोधक आणि धारित्र एवढ्याच सामग्रीवर काम भागते. हे सुटे भाग काही रुपयांत मिळतात आणि जाणकाराला डबी उघडून मंडलाची आकृती काढणे अवघड जात नाही. परिणामी या धंद्यात एकाने दुसऱ्याची नक्कल करणे ही अपवादाची नव्हे, नित्याची बाब राहिली. आज दिमाखात मिरविणारी अनेक महागडी पेडल मुळात जुन्या पेडलांच्या सुधारित आवृत्त्या आहेत. नक्कल करणारा आणि नक्कल होणारा यांच्यातील सीमारेषा इथे पहिल्यापासूनच पुसट आहे.

सेंटॉरचे वेगळेपण

अशा वातावरणात फिनेगन यांनी १९९० ते १९९४ अशी चार वर्षे एकाच पेडलवर खर्च केली. ते स्वतः गिटारवादक. प्रचलित पेडलमधून गेलेला आवाज दबल्यासारखा, आखडलेला वाटतो, ही त्यांची तक्रार होती. अँप्लिफायर पूर्ण क्षमतेने चालविल्यावर जो मोकळा, भरदार आवाज मिळतो, तो छोट्या सभागृहातही, बेताच्या पट्टीत मिळावा, हे उद्दिष्ट त्यांनी ठेवले. एमआयटीत शिकलेल्या अभियंत्याचे साहाय्य त्यांना लाभले.

त्यातून साकारलेल्या रचनेत दोन गोष्टी लक्षणीय होत्या. साधारण पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि त्या मर्यादेत संकेताला वाढायला फारसा वाव नसतो. सेंटॉरमध्ये त्याच बॅटरीपासून अधिक विद्युतदाब निर्माण करण्याची सोय केली होती. मंडलाच्या काही भागाला त्यामुळे एकूण २७ व्होल्टचा वाव मिळे. दुसरी गोष्ट अधिक कल्पक होती. फाटलेल्या आवाजात गिटारचा मूळ स्वच्छ आवाजही मिसळला जाई आणि एकच बटण फिरविले असता या दोहोंचे प्रमाण एकाच वेळी बदले. वादकाच्या बोटांची नजाकत त्यामुळे विकृतीच्या आवरणाखाली हरवत नसे.

१९९४ च्या अखेरीस विक्री सुरू झाली. सोनेरी डबी आणि त्यावर ग्रीक पुराणातील अर्धा मानव, अर्धा घोडा असलेल्या सेंटॉरचे चित्र, ही त्याची ओळख बनली. प्रत्येक पेडल हाताने जुळविले जाई, त्यामुळे मागणी वाढली तरी उत्पादन वाढत नव्हते आणि ग्राहकांना प्रतीक्षा करावी लागे. २००० चे दशक संपेपर्यंत सुमारे ८ हजार पेडल तयार झाली आणि मग मूळ सेंटॉरचे नियमित उत्पादन थांबले. जेफ बेक आणि जॉन मेयर यांच्यासारख्या नामवंतांच्या वापरामुळे त्याची कीर्ती तोवर जगभर पसरली होती.

राळेखालचे गुपित

आपल्या श्रमाचे रक्षण करण्यासाठी फिनेगन यांच्यापुढे दोन मार्ग होते. एक पेटंटचा, दुसरा गुप्ततेचा. त्यांनी दुसरा निवडला. विद्युतमंडलावर काळ्या एपॉक्सी राळेचा जाड थर ओतून ते झाकून टाकले. राळ खरवडायला जावे तर खालचे भाग तुटावेत, ही योजना.

हा निर्णय अव्यवहार्य होता असे म्हणता येणार नाही. पेटंट मिळविणे खर्चिक असते आणि त्याचे उल्लंघन करणाऱ्याला न्यायालयात खेचणे त्याहून खर्चिक. शिवाय पेटंट हा एक सौदा असतो. संशोधकाने आपली युक्ती जगासमोर मांडायची आणि त्या बदल्यात अर्जापासून २० वर्षांपुरती मक्तेदारी घ्यायची. १९९४ मध्ये अर्ज केला असता तर ती मुदत २०१४ मध्येच संपली असती. बेहरिंगरचे पेडल आले ते त्यानंतर दहा वर्षांनी. म्हणजे २०२४ च्या लढाईत पेटंटही फिनेगन यांच्या कामी आले नसते.

गुप्ततेला मुदत नसते, पण तिला कायद्याचे कवचही अपुरे असते. चोरी करून किंवा विश्वासघात करून गुपित मिळविले तर कायदा आडवा येतो. मात्र बाजारातून रीतसर विकत घेतलेली वस्तू उघडून तिची रचना समजून घेणे हा गुन्हा नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये 'केवानी ऑइल' खटल्यात ही बाब स्पष्ट केली होती. १९८९ च्या 'बोनिटो बोट्स' खटल्यात तर त्याच न्यायालयाने पेटंट नसलेल्या, बाजारात खुल्या झालेल्या रचनेच्या नकलेवर राज्यांना स्वतंत्र कायद्याने बंदी घालता येणार नाही, असा निर्णय दिला. राळेचा थर हीच फिनेगन यांच्या गुपिताची एकमेव भिंत होती आणि २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात हौशी तंत्रज्ञांनी ती चिकाटीने खरवडून काढली. मंडलाची आकृती सर्वत्र पोहोचली.

त्यानंतर प्रतिकृतींचा पूर आला. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे 'सोल फूड', वॉम्प्लरचे 'टम्नस', जे. रॉकेटचे 'आर्चर' अशी अनेक पेडल त्याच कुळातील. २०२३ मध्ये जेएचएस या कंपनीने तर ग्राहकाने सोल्डरिंग न करता घरी जुळवायचा संच आणला आणि आपले पेडल 'क्लॉन' नसल्याची ग्वाही देणारे खट्याळ नावच त्याला दिले. या बहुसंख्य उत्पादकांनी एक संकेत मात्र पाळला. घोडा, धनुर्धर, अर्धमानव अशा सूचक नावांनी ते मूळ पेडलकडे बोट दाखवीत राहिले. त्याचे नाव मात्र कोणी थेट उचलले नाही.

टंचाईचा नफा कोणाला?

या साऱ्या कथेतील सर्वांत बोचरा भाग अर्थकारणाचा आहे. सेंटॉर नवे असताना त्याची किंमत काही शे डॉलर होती. उत्पादन मर्यादित आणि मागणी अमर्याद, तेव्हा विकत घेतलेले पेडल लगेच चढ्या दराने विकणारे पुढे आले. कारागिराने खपून बनविलेल्या वस्तूवर त्याला जेवढे मिळत होते, त्याहून अधिक रक्कम ती फक्त हातावेगळी करणाऱ्याच्या खिशात जाऊ लागली. उत्पादन थांबल्यावर भाव हजारोंच्या घरात गेले. या वाढीतील एक डॉलरही मूळ निर्मात्याकडे येत नाही.

चित्रकारांनाही हा अनुभव नवा नाही. हयातीत स्वस्तात विकलेले चित्र पुढे लिलावात कोटींना जाते आणि त्यातले चित्रकाराला काहीच मिळत नाही. काही देशांनी चित्रांच्या पुनर्विक्रीत कलावंताला वाटा देणारे कायदे केले. भारताच्या कॉपीराइट कायद्यातही तशी तरतूद आहे. वापराच्या वस्तूंना अशी कोणतीही सवलत नाही.

फिनेगन यांनी पुढे 'केटीआर' नावाचे छोटे पेडल आणले. त्यासाठी हातजुळणी सोडून आधुनिक पद्धतीच्या उत्पादनाचा अवलंब केला. त्या पेडलवरच त्यांनी एक वाक्य छापले. अनेकांना खटकणारा हा अवास्तव गाजावाजा आपण केलेला नाही, हे ध्यानात ठेवावे, असा त्याचा आशय. आपल्याच निर्मितीभोवती जमलेल्या सट्टेबाजीकडे हताशपणे पाहणाऱ्या माणसाचे ते निवेदन होते. गुणवत्तेची ख्याती एका मर्यादेपलीकडे गेली की वस्तूचे रूपांतर ठेवीत होते. मग ती वाजविणाऱ्यापेक्षा कपाटात ठेवणाऱ्याच्या हाती अधिक पोहोचते.

दुसरी बाजू

बेहरिंगरला खलनायक ठरविणे सोपे आहे, पण तेवढ्याने विश्लेषण पुरे होत नाही. नामवंत उपकरणांच्या स्वस्त आवृत्त्या काढणे हा या ब्रँडच्या व्यवसायाचा पाया आहे. चीनमधील स्वतःचे मोठे कारखाने आणि प्रचंड प्रमाणावरील उत्पादन यांच्या बळावर त्याला हे परवडते. यातून वाद उद्भवणेही नवे नाही. बॉसची पालक कंपनी रोलँडने २००५ मध्ये पेडलांच्या बाह्यरूपाच्या साधर्म्यावरून बेहरिंगरवर दावा लावला होता. तोही अखेर तडजोडीने मिटला.

तथापि स्वस्त उपकरणांमुळे संगीताची दारे अनेकांसाठी उघडली, हेही तितकेच खरे. सर्वसाधारण मिळकतीच्या घरातील विद्यार्थ्याने हजारो डॉलरचे पेडल घ्यावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. जी रचना तीस वर्षे जुनी आहे, जिची आकृती सर्वज्ञात आहे आणि जिचा मूळ निर्माता ती नियमित बनवीत नाही, तिचा आवाज साठ-सत्तर डॉलरमध्ये मिळू लागला तर त्यात समाजाचे हितच आहे. पेटंटला मुदत असते ती याचसाठी. ज्ञान कालांतराने सर्वांचे व्हावे, हे कायद्याचे गृहीत आहे.

प्रश्न आवाजाचा नव्हताच, नावाचा होता. 'सोल फूड' घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत याची पुरेपूर जाणीव असते. सोनेरी डबी, पौराणिक अर्धमानवाचे चित्र आणि वर 'सेंटॉर' हे नाव, असे सारे एकत्र आले की मूळ निर्मात्याचा या उत्पादनाशी काही संबंध असावा, असा ग्राहकाचा समज होऊ शकतो. फिनेगन यांच्या दाव्याचा रोख यावरच होता. मंडल वापरल्याबद्दल त्यांनी दाद मागितली नाही. ती मागण्याचा मार्गच उरला नव्हता. त्यांचे म्हणणे व्यापारचिन्हाचे उल्लंघन आणि ग्राहकांची दिशाभूल यांपुरते होते.

मिटलेला वाद, उरलेला प्रश्न

दाव्यानंतर बेहरिंगरने पेडलचे नाव बदलले. 'सेंटॉर'चे 'सेंटारा' झाले आणि पुढे वाद सामोपचाराने मिटला. आतले मंडल, आवाज आणि स्वस्त किंमत यांना धक्का लागला नाही. तीन दशकांच्या कीर्तीपैकी कायद्याच्या आधारे राखता आले ते एक नाव.

तडजोडीमुळे एक महत्त्वाचा मुद्दा मात्र न्यायालयाच्या निर्णयाविना राहिला. व्यापारचिन्ह हे पेटंटप्रमाणे मुदतीने संपत नाही, परंतु ते वापरात असावे लागते. अमेरिकी कायद्यानुसार सलग तीन वर्षे चिन्ह वापरले नाही, तर मालकाने ते सोडून दिले असे सकृद्दर्शनी मानले जाते. भारतातही पाच वर्षांहून अधिक काळ न वापरलेले नोंदणीकृत चिन्ह रद्द करण्याची मागणी करता येते. मोजक्या संख्येने, मधल्या काळात थांबत-थांबत माल बनविणाऱ्या कारागिराचे नाव किती काळ त्याचे राहते? ज्या संथपणामुळे त्याच्या वस्तूला प्रतिष्ठा लाभते, तोच संथपणा कायद्याच्या नजरेत त्याची बाजू दुबळी करू शकतो. मोठ्या कंपनीपुढे ही अडचण सहसा येत नाही.

मिरजेच्या तंतुवाद्यांचा धडा

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात सतार आणि तानपुऱ्याच्या निर्मितीला प्रारंभ केला. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या या कलेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळ्याची निवड, लाकडाचे काम आणि जवारी काढण्याचे कसब यांवर या वाद्यांचा नाद अवलंबून असतो. हे कसब कागदावर उतरत नाही, म्हणून त्याला पेटंट नाही. त्याची चोरी होत नाही, पण त्याला पर्याय मात्र निर्माण होतो. बंगळुरूच्या 'रॅडेल'सारख्या कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा रूढ केला आणि आता तोच सूर मोबाइलवरही उपलब्ध आहे. रियाजाला बसणाऱ्या विद्यार्थ्याची त्यामुळे सोय झाली, पण मिरजेच्या कारागिराचे एक गिऱ्हाईक कमी झाले. मानांकनाने 'मिरज' हे नाव राखले जाईल. तानपुऱ्याचा सूर राखून ठेवता येणार नाही आणि तो तसा राखला जावा, असे संगीतप्रेमींनाही वाटणार नाही.

नावाच्या मालकीलाही जागरूक मालक लागतो, हे कोल्हापुरी चपलेच्या प्रकरणात दिसले. जून २०२५ मध्ये इटलीच्या 'प्रादा' कंपनीने मिलानमधील प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि त्यांच्या मूळ स्थानाचा उल्लेख टाळला. या चपलेला २०१९ पासून मानांकन आहे. तरीही मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका फेटाळली गेली. दाद मागण्याचा अधिकार मानांकनाच्या नोंदणीकृत धारकांचा आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्याच वर्षअखेरीस प्रादाने महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, तो लोकमताच्या रेट्यामुळे आणि वाटाघाटीला संघटित पक्ष उपलब्ध होता म्हणून. फिनेगन यांच्यापाशी अशी संस्था नव्हती. वकिलाचा खर्च पेलण्याइतकी ऐपत आणि जिद्द नसलेला त्यांच्यासारखा एखादा कारागीर गप्पच बसला असता.

या प्रकरणातून तीन गोष्टी ठळकपणे समोर येतात. पहिली, गुप्तता हे तात्पुरते संरक्षण आहे. राळेचा थर फार तर काही वर्षे उसंत देतो आणि त्या काळात कारागिराने आपले नाव प्रस्थापित केले तरच ती उसंत कारणी लागते. दुसरी, टंचाईमुळे वाढणारी किंमत म्हणजे कारागिराची कमाई नव्हे. मागणीच्या किमान जवळपास पोहोचेल इतके उत्पादन आणि विक्रीनंतरची सेवा यांतूनच मूल्याचा काही अंश त्याच्याकडे परत येऊ शकतो. तिसरी, नाव नोंदवून भागत नाही, ते वापरात ठेवावे लागते आणि त्यासाठी भांडण्याची तयारी ठेवावी लागते. भारतातील छोट्या उत्पादकांत व्यापारचिन्हाच्या नोंदणीविषयी आजही उदासीनता आढळते. धंदा वाढल्यावर पाहू, असा त्यांचा हिशेब असतो. धंदा वाढतो तेव्हा नाव अनेकदा दुसऱ्याने उचललेले असते.

स्वस्त प्रतिकृती थांबणार नाहीत आणि त्या थांबविण्याचा अट्टहास समाजहिताचा नाही. सत्तर डॉलरच्या पेडलवर सराव करणाऱ्या मुलाला उत्तम आवाज मिळावा आणि तो आवाज प्रथम ज्याने शोधला त्याचे नाव त्याच्याकडेच राहावे, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. मॅसॅच्युसेट्समधील वादाचा शेवट या दोहोंच्या जवळपास येऊन थांबला: पेडल स्वस्तच राहिले आणि नाव परत गेले. त्यासाठी एका वयस्क कारागिराला जगड्व्याळ कंपनीविरुद्ध न्यायालयाची पायरी चढावी लागली. ज्यांना ती चढता येत नाही, अशा कारागिरांच्या वतीने ती कोण चढणार, याचे उत्तर कारागिरांच्या संघटनांना आणि मानांकने मिळवून निश्चिंत झालेल्या शासनयंत्रणेला द्यावे लागेल.